तुम्ही स्वतः वाचली होती का?

मी नागपूरच्या दवा बाजारात एका ठोक विक्रेत्याकडे हिशेब पाहते. आमच्याकडे बिलिंगला एक मुलगी आहे, कुहीकडची, बी.कॉम. झालेली, कामाला चलाख. जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात नेहमी पुस्तक दिसतं म्हणून तिनं एकदा विचारलं, "ताई, मलेही एखादी कादंबरी सांगा नं." मला इतका आनंद झाला की त्याच रविवारी बर्डीवर जाऊन मी तिच्यासाठी एक नवी कोरी कादंबरी घेऊन आले. साडेचारशे रुपये पडले. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत तिच्यावर अर्धं पान भरून कौतुक आलं होतं, आणि मलपृष्ठावर तीन मोठ्या माणसांचे अभिप्राय होते.

तीन आठवड्यांनी तिनं पुस्तक कागदात गुंडाळून परत आणून दिलं. एका पानाचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. म्हणाली, "मले तं नाही जमली ताई. तुम्ही वाचली होती का आधी?"

मी वाचली नव्हती. त्या रात्री वाचायला बसले आणि चाळीस पानांतच तिची अडचण कळली. त्यातली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, लेखकाची मतं आपसात वाटून घेऊन बोलत होती. शंभर पानं झाली तरी कोणाचं घर कसं आहे, घरात किती पैसा येतो, संध्याकाळी चुलीवर काय शिजतं, याचा पत्ता नव्हता. त्यानंतर त्या मुलीनं माझ्याकडे पुस्तक मागितलं नाही. एका चांगल्या वाचकाची सुरुवात मी स्वतःच्या हातानं बिघडवली, आणि तीही दुसऱ्यांच्या भरवशावर. ही बोच अजून गेलेली नाही.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वाचलेल्या कादंबरीबद्दल तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकानं खरं ते उघडपणे सांगितलं पाहिजे, कारणासकट, आणि ते दुसऱ्या वाचकाच्या हाती पडेल अशा जागी सांगितलं पाहिजे. आज ते काम कोणीच करत नाही. लेखक, प्रकाशक, परीक्षण लिहिणारे, समारंभात बोलणारे, सगळे एकमेकांना ओळखतात. प्रकाशन समारंभाला बोलावलं की चांगलंच बोलायचं, हा रिवाज आहे. बारशाला जाऊन कोणी बाळाच्या नाकाडोळ्यांची चिकित्सा करत नाही. पण मग जिला आपल्या पगारातून साडेचारशे रुपये काढून द्यायचे आहेत, तिनं विचारायचं कोणाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी गेले होते. पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होती, ते पाहून ऊर भरून आला. त्या पिशव्यांतलं काय वाचलं गेलं, काय अर्ध्यात राहिलं, कशानं झोप उडवली, हे मात्र त्या वाचकांना पुढे कोणीही विचारलेलं नाही.

मी जे दुसऱ्यांनी करावं म्हणते ते आधी स्वतः करते. गेल्या वर्षभरात वाचलेल्या काही कादंबऱ्यांबद्दल मला काय वाटलं ते सांगते. मी मराठीची प्राध्यापक नाही. सुभाषनगरला मेट्रोत बसते, अग्रसेन चौकाला उतरते, आणि जाता-येता जी पानं होतील ती माझी.

उद्धव शेळके यांची 'धग' १९६०ची. ही मी कितीतरी वर्षं टाळली, कारण ज्यानं-त्यानं "वाचलीच पाहिजे" असं सांगून ठेवलं होतं, आणि त्या शब्दांना मला अभ्यासक्रमाचा वास येतो. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना ताण द्यायचा नव्हता, टीव्हीही बंद होता. त्या माहेरच्या दर्यापूरच्या. त्यांच्याकडच्या बोलीतली आहे म्हणून ती कादंबरी वाचनालयातून आणली आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवू लागले. पहिल्याच रात्री त्यांनी मला थांबवलं. मी संवाद वाचत होते नागपुरी हेलात. "असं नाही म्हणत आमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि तेच वाक्य त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवलं. शब्द तेच होते. शेवटचा स्वर तेवढा त्यांनी लांबवून हळूच खाली सोडला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. त्यानंतर मी पुस्तकातल्या कौतिकला दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकूच शकले नाही.

शिंप्याचं घर, नवरा महादेव हातपाय न हलवणारा, पदरी पोरं, आणि सगळा गाडा ओढणारी एकटी कौतिक. नामाला शिकवायचं हा तिचा ध्यास. ही कादंबरी फार रडकी आहे असं मी ऐकून होते. मला तसं वाटलं नाही. रडक्या पुस्तकात लेखक थांबून वाचणाऱ्याला रडायला वेळ देतो. शेळके तो देत नाहीत, कारण कौतिकलाच तो मिळत नाही. एक संकट निस्तरतं न निस्तरतं तोच दुसरं दारात उभं, आणि ती पदर खोचून त्याच्यामागे लागलेली. माझी तक्रार महादेवबद्दल आहे. तो असा का झाला हे मला शेवटपर्यंत पुरतं दिसलं नाही. लेखकानं त्याच्या मनात थोडं अधिक शिरायला हवं होतं, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. "असतात असे. कारण लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मोठ्या बहिणीच्या संसाराची हकीकत सांगू लागल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली माझ्या, ती हकीकत मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या रात्री पुढे वाचन झालं नाही.

माझी तक्रार अजून कायम आहे, आणि सासूबाईंचं उत्तरही मला खोटं म्हणता येत नाही. 'धग'बद्दलची ही दोन मतं शेजारी-शेजारी ठेवावीत असं मला वाटतं. एक शाळेत शिकलेल्या, माणसाच्या वागण्याला कारण शोधणाऱ्या बाईचं. दुसरं, चौथीत शाळा सुटलेल्या, तशी माणसं घरात पाहिलेल्या बाईचं. छापील परीक्षणात पहिल्या तऱ्हेचं मत पुष्कळदा सापडतं. दुसरं कुठे सापडणार?

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बुलडाण्याकडची शेती, एम.ए., बी.एड. होऊन बेकार राहिलेला एकनाथ, नोकरी लावायला पैसे मागणारे संस्थावाले. विदर्भात राहून हे पुस्तक वाचलं नव्हतं याची मला लाज वाटली. शेतीतलं मला कळत नाही, तरी पेरणीच्या तोंडावरची घरातली ओढाताण मी श्वास धरून वाचली. पण मध्यावर मी दमले. तेच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडांतून येत राहतं, आणि काही पानं कमी असती तर घाव अधिक खोल बसला असता. दुसरं म्हणजे एकनाथची बायको अलका. शहराकडून आलेल्या या सुनेचं दुखणं लेखकाला दिसतं, पण तो तिच्या बाजूला जाऊन बसत नाही. घरातल्या बाकी सगळ्यांच्या वाट्याला जी माया आली ती तिच्या वाट्याला कमी आली. एक सून म्हणून मला हे लागलं. पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाबद्दल हे बोलायला मला आधी संकोच वाटत होता. आता वाटत नाही. आवडलेल्या पुस्तकातच अशी खोट टोचते, बाकीची आपण मुकाट्यानं बंद करून ठेवतो.

नंदा खरे आपल्या नागपूरचे, पेशानं इंजिनिअर. जुलै २०२२ मध्ये ते गेले, त्यानंतर मी त्यांच्या कादंबऱ्या हातात घेतल्या याचं वाईट वाटतं. त्यांची 'अंताजीची बखर' १९९७ची. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात बंगालवर चालून गेल्या, त्या काळातला एक माणूस आपली हकीकत सांगतो. तो शूर सरदार नाही. बातम्या काढणारा, जीव वाचवणारा, डोळे उघडे असलेला माणूस आहे. नागपूरच्या महाल वस्तीत राहणाऱ्या आम्हा लोकांना भोसले म्हणजे राजवाडा, तलाव, देवळं. माझं माहेर महालातलं, लहानपणापासून हेच ऐकलं. बंगालमध्ये आया बाळाला निजवताना जे गाणं म्हणतात त्यात 'बर्गी' येतात, आणि ते बर्गी म्हणजे आपण, हे मला पंचेचाळीस वर्षांपर्यंत माहीत नव्हतं. १७५१ मध्ये तह झाला, ओडिशा भोसल्यांकडे आला आणि वर्षाला बारा लाख चौथाई ठरली, हे इतिहासात वाचलेलं होतं. त्या बारा लाखांमागे कोणाची शेतं जळाली ते तिथे नव्हतं. कादंबरी वाचून झाल्यावर शुक्रवारी तलावाजवळून जाताना मला आपलंच गाव थोडं परकं वाटलं. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की बहुतेक वाचक घोड्यावर बसलेला नायक शोधतात, आणि 'स्वामी', 'पानिपत' यांच्यापुढे जात नाहीत. त्या मीही रात्र-रात्र जागून वाचल्या आहेत. पण त्यांतल्या एकीनंही मला माझ्या गल्लीबद्दल नवा प्रश्न विचारायला लावला नव्हता.

खरे यांच्याच 'उद्या'ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. उद्याच्या जगाची कादंबरी, माणसांवर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांची, मुलींची संख्या घटलेल्या समाजाची. ती मी अर्ध्यावर ठेवली. कादंबरी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यात धागे पुष्कळ आहेत, आणि वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचताना सीताबर्डी स्टेशनवर गर्दी चढली की माझ्या हातून ते निसटायचे. अंताजी एकटाच बोलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचं बोट पुन्हा धरता यायचं. दिवाळीच्या सुट्टीत सलग बसून 'उद्या' पुन्हा घेणार आहे. कादंबरी कशी वाचली, एका बैठकीत की धक्के खात, कोणाला वाचून दाखवत की एकट्यानं, हेही वाचकानं सांगायला हवं. त्याशिवाय त्याच्या मताचं वजन समोरच्याला करता येत नाही.

आणि मत कधीचं आहे तेही सांगायला हवं. औषधाच्या धंद्यात तारीख पाहिल्याशिवाय आम्ही काही हातात घेत नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' मी एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा तिच्यातला पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच होते. घरच्यांवर तोच राग, कॉलेजात तोच कंटाळा. यंदा पुन्हा वाचली, तर पांडुरंगवर मधूनमधून चिडले. इतक्या पैशांची धूळधाण करतोस, बाप कुठून आणतो ते पाहा, असं म्हणावंसं वाटलं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी आल्यावर मात्र पुस्तक मिटून मेट्रोच्या खिडकीबाहेर पाहत बसले. एकोणिसाव्या वर्षी ती पानं मी भराभर उलटली होती. आता माझ्या मुलीचं वय मनीहून जास्त आहे, तरी छातीत धस्स झालं. आवडती कादंबरी कोणती असं विचारलं की आपल्यातले बहुतेक जण कॉलेजात वाचलेलं नाव सांगतात आणि तिथेच थांबतात. ते मत तेव्हाचं असतं. पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय आजचं मत कळत नाही.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे सगळं मान्य नाही. ते म्हणतात, आवडनिवड म्हणजे समीक्षा नव्हे. समीक्षेला व्यासंग लागतो, परंपरा माहीत असावी लागते. त्यांचं म्हणणं मी मनावर घेते, कारण याच नागपुरात कुसुमावती देशपांडे शिकवत होत्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा आढावा त्यांनी घेतला, तो १९५३ मध्ये पुस्तकरूपानं आला. पुढे १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि त्या पदावरच्या पहिल्या स्त्री ठरल्या. एवढ्या कादंबऱ्या वाचून त्यांचा हिशेब मांडणं हे माझ्यासारखीचं काम नाही. पण समीक्षक तरी एका टप्प्यावर वाचकच असतो. कादंबरीनं त्याला धरलं की सोडलं हे त्याला आधी कळतं, कारणं तो मग शोधतो. मी पहिली पायरी प्रामाणिकपणे सांगते आणि दुसरीवर जमेल तेवढी चढते. व्यासंगी माणसांनी माझं चुकलेलं दाखवावं, मला ते हवंच आहे. मी बोललेच नाही तर ते दाखवणार तरी काय?

दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे, आणि तो एका पुस्तकविक्रेत्याचा. मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती खपायला वर्षं जातात, त्यात तुम्ही नावं ठेवायला लागलात तर लिहिणारा लिहायचाच थांबेल, असं तो म्हणाला. लेखकानं चार-पाच वर्षं घालून लिहिलेल्या पुस्तकाबद्दल ओठावर येईल ते बोलू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. ज्या कादंबरीची शंभर पानंसुद्धा वाचली नाहीत तिच्याबद्दल मी गप्प बसते. पण खोट्या स्तुतीनं आवृत्ती खपत असती तर एव्हाना ती खपली असती. फसलेला वाचक भांडायला येत नाही. तो पुस्तक कागदात गुंडाळून परत देतो आणि पुन्हा मागत नाही. माझ्याकडे त्याचा पुरावा आहे, रोज समोरच्या टेबलावर बसून बिलं काढतो.

खरं बोलण्याची जागा म्हणून मला वाचनालय सगळ्यांत योग्य वाटतं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याप्रमाणे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती येतात, हे सगळं मोजलं जातं. वाचून काय वाटलं याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मी एक सुचवलं. पुस्तकाच्या शेवटी जिथे परतीच्या तारखेची चिठ्ठी असते, तिच्याखाली एक कोरा कागद चिकटवायचा. ज्याला वाटेल त्यानं पाच-सहा ओळी लिहाव्यात, सही नको, फक्त तारीख. बाई आधी कचरल्या. पानापानावर पेन्सिलीनं शेरे मारणाऱ्यांनी त्यांना आयुष्यभर छळलेलं आहे. मग वीस कादंबऱ्यांना कागद लावून पाहू म्हणाल्या. अनुदान नाही, ठराव नाही, एक डिंकाची बाटली लागली.

सहा महिन्यांत बारा कागदांवर काही ना काही आलं. काहींवर नुसतं "छान" आहे, त्याचा उपयोग नाही. एकावर कोणीतरी लेखकाच्या जातीवरून लिहिलं होतं, तो कागद बाईंनी फाडून नवा लावला, आणि मी त्यांना दुजोरा दिला. पण 'बारोमास'च्या कागदावर थरथरत्या अक्षरात आहे: "पेरणीला पैसा नसला की सासऱ्याच्या दारात जायला पाय उचलत नाही. मी १९८७ साली गेलो होतो. लेखकाला हे ठाऊक आहे. पुस्तक लांब वाटलं नाही, ते वर्षही लांबच होतं." मी त्याच पुस्तकाला लांब म्हटलं होतं, त्याच कागदावर, चार ओळी वर. माझी ओळ मी खोडली नाही. त्या माणसाचं वाचून पुस्तक पुन्हा घरी आणलं, आणि ज्या पानांवर दमले होते ती पानं या वेळी सावकाश वाचली. अजूनही मला ती थोडी जास्तच वाटतात. पण का वाटतात हे आता मला आधीपेक्षा नीट सांगता येईल.

गेल्या आठवड्यात 'बनगरवाडी' बदलून घ्यायच्या आधी माझ्या टेबलावर होती. व्यंकटेश माडगूळकर यांची, १९५५ची, अंगानं बारीक. बिलिंगची मुलगी दुपारचा चहा घेऊन आली, पुस्तक उचलून तिनं मागंपुढं पाहिलं.

"कशी आहे?"

"धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो. सुरुवातीला वाटतं काहीच घडत नाही. मग दुष्काळ येतो."

"तुम्ही वाचली?"

"दोनदा."

तिनं शेवटचं पान उघडून चिकटवलेला कागद वाचला. त्यावर तिघांनी लिहिलेलं होतं. एकानं नाखुशीनं लिहिलं होतं की यात बायका फार थोड्या बोलतात. ती ओळ तिनं दोनदा वाचली, माझ्याकडे पाहून विचारलं, "खरंच का ताई?" मी म्हटलं, खरं आहे. तिनं चहा ठेवला, पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "पाहतो मी. बसमध्ये वाचून होते."